लांडग्यामागे तीन नाणी

"तुमची पन्नास मिनिटं उरलीत... मला द्याल?"

सुनंदाने वळून पाहिलं. विस्कटलेले केस, खांद्याला ऑफिसची बॅग, आणि बोलणं थेट नागपूरचं. दादाला ईमेल लवकर जाईना म्हणून ती मघाशी संगणकाला "जा की रे बाबा" म्हणाली होती, ते त्याने ऐकलं असावं.

साल अठ्ठ्याण्णव. जयनगरच्या त्या सायबर कॅफेत चारच संगणक होते, आणि मालक उपेंद्रअण्णा पूर्ण तासाचे पैसे आधीच घ्यायचे.

"अर्धे पैसे द्या," ती म्हणाली. "आणि मी बसून बघणार."

"सरी," तो हसून म्हणाला. तेवढं कन्नड त्याला येत होतं.

त्याचं नाव ऋतुराज. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, आणि शनिवारी हा खेळ. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण त्या खेळात चित्रंच नव्हती. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं उमटत... लांडगा आला, लांडगा चावला. जगभरातली माणसं तारेच्या पलीकडून त्याच जंगलात हिंडत. लढताना जीव कमी झाला की औषधाची बाटली प्यायची. ऋतुराज जरा ओरखडा उठला की प्यायचा.

"लांडगा मारला की किती मिळतात?" सुनंदाने विचारलं.

"बारा नाणी."

"बाटली केवढ्याची?"

"पाच."

"तुम्ही तीन प्यायलात. म्हणजे लांडग्यामागे तीन नाणी घरची जातात."

"पण जीव वाचतो ना?"

"जीवच वाचवायचा तर घरी बसा की. शंभरातला तीस उरला की मग प्यायचं. तोवर स्वल्प सोसा."

तिचे अप्पा बाळेपेटेत कपडे शिवायचे. वीतभर कापडसुद्धा वाया जाऊ न देणारं ते घर. पुढच्या शनिवारी ऋतुराज कॅफेच्या दारातच उभा होता. मग दर शनिवारी दोन खुर्च्या, एक संगणक. तो कळा दाबायचा, ती म्हणायची, "आता नको... अजून नको... हां, पी." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कोपराला कोपर लागलं की मात्र दोघं पडद्याकडे जरा जास्तच लक्ष द्यायची.

खेळातल्या किल्ल्याच्या विहिरीत एक राक्षस होता. त्याला मारायला दहा-अकरा बाटल्या लागत आणि हाती चार बाटल्यांचेही पैसे येत नसत. सुनंदाने तिकडे कधी फिरकू दिलं नाही.

फेब्रुवारीत त्याची पुण्याला बदली झाली. त्याने ते सांगितलं आणि पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं... मग मिटलं. असे तीन शनिवार गेले. ती वाट बघत राहिली. शेवटच्या शनिवारी त्यांच्याकडे अकरा बाटल्या होत्या.

"विकून टाकू या," तो म्हणाला. "उद्या तर माझी गाडी आहे."

"विहिरीकडे चल."

"वेडी झालीस का? आपण बुडू."

"माहीत आहे. चल."

एकेक बाटली संपत गेली. या वेळी ती "नको" म्हणालीच नाही. अकरावी संपली तेव्हा राक्षस पडला. मिळाली सोळा नाणी.

तो पडद्याकडे बघत राहिला. "तू... आणि एवढा तोटा? काहून?"

"तू कुठेतरी धाडस करशील का, ते बघायचं होतं," ती हळूच म्हणाली. "दुसरीकडे तर करत नाहीस."

त्याचे कान लाल झाले. बाहेर शेंगावाला ओरडत गेला. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"सुनंदा... तुझ्या अप्पांना भेटायला येऊ?"

"सोमवारी ये. दुकान बंद असतं."

"पण उद्याची गाडी..." तो थांबला. "तिकीट रद्द करतो. पैसे कापतील बरेच."

सुनंदाने ओढणी सावरली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"कापू देत," ती म्हणाली.