वीस सेकंदांपुढचं गाणं

कस्तुराच्या टेबलाला कुणाचा तरी धक्का लागला आणि तिचा हेडफोन खाली पडला. उचलून देणारा भीमराज होता. बारा वर्षं गायन पार्टीत कोरसला उभा राहिलेला हा माणूस आता स्वतःच्या शब्दांत, एकट्याच्या आवाजात पहिली कॅसेट काढणार होता. चिंचवडच्या ज्या कंपनीत ती भरली जाणार, तिथं कस्तुरा तपासणीला होती.

"एका गाण्याचं किती ऐकता?"

"वीस सेकंद. तेवढाच नियम आहे."

"आणि शेवट?"

"तो विकत घेणाऱ्याचा..." ती हसली.

मग महिनाभर शिफ्ट सुटली की दोघं पवनेच्या पुलापर्यंत सोबत चालत. सांगवीतल्या खोलीवर एकट्यापुरता स्वयंपाक केला, तरी एक भाकरी नेहमी जास्तच होते, असं तो सांगायचा. त्याचं असं बोलणं तिला फार आवडायचं. एकदा जाता जाता तो म्हणाला, शेवटचं गाणं मात्र पूर्ण ऐका.

कॅसेटी टेबलावर आल्या. शेवटचं गाणं सुरू झालं — 'तू गेलीस, अन् खोलीत दिवा लावायचं राहून गेलं...' वीस सेकंद संपले. पुढची कॅसेट, पुन्हा तीच गेलेली बाई. दिवसभरात दोनशे वेळा ती कस्तुराला भेटली. घरी टेप नव्हता आणि ही बाई तुमची कोण, असं त्याला विचारायला तोंड उघडेना. त्या दिवसापासून ती मागच्या फाटकानं जाऊ लागली. रडू यायचं, पण हेडफोन लावलेल्या बाईकडं बघतंय कोण.

कॅसेट गाजली. कंपन्यांतली पोरं उसन्या चाली सोडून स्वतःच्या खोलीवर, स्वतःच्या एकटेपणावर गाणी रचू लागली. पाच महिन्यांनी एका लग्नात लाउडस्पीकरवर तेच गाणं लागलं. कस्तुरा मावशीबरोबर पुऱ्या लाटत होती. कान झाकायला हात मोकळे नव्हते. दुसऱ्या कडव्यात त्यानं त्या गेलेल्या बाईला आई म्हणून हाक मारली. आणि शेवटी —

'वीस क्षणांची ओळख तुझी, उरलं गाणं माझ्यापाशी...
रविवारी पुलावर थांबेन मी, शेवट ऐकायला येशील का?'

"आगं, रडतीस व्हय?" छबूमावशीनं विचारलं. धूर लागला, असं कस्तुरानं सांगितलं.

रविवारी पुलावर जोड्याच जोड्या होत्या. त्या गाण्यानं सगळ्यांना तिथं यायची सवय लावली होती. कठड्याशी दर रविवारसारखाच एकटा उभा होता, तो फक्त गाणारा.

"आज किती ऐकलंत?" त्यानं विचारलं.

"सगळं... फार उशिरा."

त्यानं सरकून कठड्याशी तिच्यासाठी जागा केली.

"एक भाकरी अजून जास्त होते," तो म्हणाला.

"आज नाही होणार," कस्तुरा म्हणाली.