पदराला टाचलेलं टोपडं

आधीच सांगते, ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या बाबतीत घडलेली आहे. आणि रात्रीची तर मुळीच नाही. मंगळवार, सकाळचे साडेअकरा, बाहेर लख्ख ऊन. साडेअकराला भूत बघायला कोणी जात नाही. मी कपडे धुवायला गेले होते.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी परदेशी गेले होते. नात तीन दिवसांची झाली होती. त्या दिवशी चार वाजता मायलेकी दवाखान्यातून घरी येणार होत्या.

घरून मी एकच जोखमीची वस्तू नेली होती. माझ्या आईचं जुनं सुती लुगडं. म्हणजे त्यातले उरलेले पाच हात, पदरासकट. मी जन्मले तेव्हा मला त्यातच गुंडाळलं होतं. माझ्या लेकीलाही. आई गेली, पण आमच्याकडचं लेकरू आधी तिच्या लुगड्यात येतं, मग जगात. नातही त्यातच येणार, हे मी विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं.

पण त्याला डांबरगोळ्यांचा वास मारत होता. धुवायलाच हवं होतं. आणि कापड इतकं विरलेलं, की रागाने बघितलं तरी फाटेल.

"आई, हाताने धुतलंत तर दोन दिवस वाळणार नाही," जावई म्हणाले. "तळघरात मशीन आहे. पिसाचं चित्र असलेलं बटण दाबा. नाजूक कपड्यांचं."

"आणि भलतंच दाबलं गेलं तर?"

"तर रुमाल तयार होतील," म्हणाले आणि दवाखान्यात गेले. माणूस गुणी आहे, विनोद तेवढा आवरत नाही.

तळघरातली ती खोली लांबट होती. खिडकी नाही. एक ट्यूबलाइट. चार मशीन ओळीने. आपोआप मिटणारं जाड दार. तीन मशीनमध्ये कोणाकोणाचे कपडे फिरत होते.

चौथीचं झाकण उघडं होतं.

लुगडं आत ठेवताना बोटांना काहीतरी लागलं… ओलं.

मशीनच्या तोंडाशी असलेल्या रबराच्या घडीत एक टोपडं अडकलं होतं. हाताने विणलेलं, पांढरं, बंदांचं. मुठीत मावेल एवढं. एका जागी टाका सुटलेला.

कोणाचं तरी राहिलं असेल. मला बाई कसंसंच झालं. कुठली तरी बाळंतीण शोधत असेल. म्हटलं, माझ्याबरोबर धुऊन ठेवू, मिळेल तिला.

एवढंसं टोपडं एवढ्या मोठ्या मशीनमध्ये परत हरवायचं, म्हणून बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि ते लुगड्याच्या पदराला टाचून टाकलं. माझ्या पिनेला मी लाल दोरा गुंडाळून ठेवते. बायका पिना ढापतात, माझा अनुभव आहे.

हीच माझी चूक.

झाकण लावलं. पीस दाबलं. टक्… कुलूप बसलं. काचेवर आकडा आला. अडतीस मिनिटं.

म्हटलं, तेवढ्यात वर जाऊन चहा टाकू.

दाराची मूठ फिरेना.

ढकललं, ओढलं, खांदा लावला. काही नाही. फोन वर चार्जिंगला. थापा मारल्या. "अहो, कोणी आहे का?" असं चक्क मराठीत ओरडले. तिथल्या भाषेतले मला दोनच शब्द येत होते, आणि दोन्ही आभार मानायचे.

घाबरायचं नाही, असं स्वतःला बजावलं. कोणीतरी कपडे न्यायला येईलच.

आणि मग लक्षात आलं…

बाकीची तिन्ही मशीन बंद होती. कधी थांबली, कळलंच नाही. खोलीत फक्त माझीच फिरत होती. हळू, पाळणा हलवावा तशी.

एकोणीस. पंधरा. बारा.

बारावर आकडा अडकला.

मशीन थांबली. पाण्याचा आवाजही थांबला.

मी वाट पाहिली. बारा. पुन्हा वाट पाहिली. बाराच.

मग… थप. थप. थप.

तो आवाज मला कोणी शिकवायला नको. लेकरू झोपेना की आपण पाठीवर थोपटतो, तो आवाज. आतून येत होता.

मी वाकून काचेतून बघितलं.

लुगडं काचेला चिकटलं होतं. त्याच्या पदराला टोपडं होतं. पण ते ओल्या कापडासारखं चपटं नव्हतं…

भरलेलं होतं. गोल.

कोणाचं तरी डोकं आत असावं, तसं.

मी मागे सरकत दाराला जाऊन टेकले आणि खाली बसले. खोलीला ताज्या दुधाचा वास येत होता.

"मी चोरलं नाही गं बाई," मी म्हणाले. कोणाला म्हणाले, विचारू नका. "धुवायला घेतलं फक्त. तुझं तू घे."

थप. थप. आकडा बाराच.

"अगं, घे की! मला सोड. चारला माझी नात यायची आहे."

थोपटणं थांबलं.

काचेमागे लुगडं हललं. पाणी नव्हतं, मशीन फिरत नव्हती. तरी ते एका बाजूने ओढलं गेलं. थोडं. परत थोडं. कोणीतरी थंडीत पांघरूण ओढून घ्यावं, तसं.

तेव्हा मला कळलं. तिला टोपडं नको होतं. टोपडं तिचंच होतं. तिला माझ्या आईचं लुगडं हवं होतं.

सगळं घे, असं तोंडावर आलं होतं. दार उघडलं असतं. पण चार वाजता येणाऱ्या त्या उघड्या जिवाला मग कशात घेऊ?

"बाळ उघडं आहे का तुझं?" मी विचारलं. "मग अर्धं घे. अर्धंच. माझंही उघडंच यायचं आहे."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही.

मग… चर्रर्र.

जुनं सुती कापड आडवं फाडताना होतो तो आवाज. एका दमात. सरळ.

टक्. झाकण उघडलं. माझ्या पाठीमागचं दारही आपसूक उघडलं आणि मी उताणी बाहेर पडले.

बाहेर इमारतीचा सफाईवाला फरशी पुसत होता. मला बघून त्याने बादलीच सोडली. संध्याकाळी जावयांनी त्याला विचारलं, आणि माझ्याकडे जरा वेगळंच बघत मला सांगितलं, "आई, तो म्हणतो, पाऊण तास तो आत-बाहेर पुसतच होता. दार सताड उघडं होतं. आत कोणीच नव्हतं."

लुगडं मी त्याच्यासमोर काढून घेतलं. अडीच हात उरलं होतं. पदर नव्हता. टोपडं नव्हतं. माझी पिनही नव्हती.

चारला नात आली. त्या अडीच हातात गुंडाळली, तशी गाढ झोपली. लेकीने विचारलं, "बाकीचं कुठे गेलं गं?"

"विरलं," मी म्हणाले. तेवढंच. ओल्या बाळंतिणीला काय सांगणार?

तिथे होते तोवर ते दुपटं मी रोज हाताने धुतलं. निघताना लेकीला बजावलं, हे खाली न्यायचं नाही. ती "हो गं आई" म्हणाली. "हो गं आई" म्हणजे काय, ते आई असलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. नात आता चार महिन्यांची आहे.

"आई, तू दुसरा तुकडा मशीनमध्येच विसरली होतीस का? आज दुपटं खाली धुतलं, तर त्याला टाचलेला निघाला. पदर आहे त्याला. आणि तुझी ती लाल दोऱ्याची पिन!"

मी फोन डोळ्यांजवळ नेला.

"मऊ किती झालाय गं. रोजच्या वापरातला असावा तसा. आत टोपडंही होतं. तूच विणलंस ना? बघ, कसं छान बसलंय."

तिने फोन नातीकडे वळवला.

तेच टोपडं. तोच सुटलेला टाका. पण मी बघितलं तेव्हा ते मुठीत मावत होतं. आता चार महिन्यांच्या डोक्यावर अगदी मापात बसलं होतं.

"काढ ते," मी म्हणाले. "आधी काढ."

"अगं, आत्ता कुठे झोपतेय ती…"

आणि मला तो आवाज ऐकू आला.

थप. थप. थप.

"तू थोपटतेयस ना तिला?" मी विचारलं. "सांग ना, तूच थोपटतेयस ना?"

"मी? नाही गं," लेक हसली. "एका हातात फोन, दुसऱ्यात दुधाची बाटली. मला काय चार हात आहेत?"