शिंप्याची नाव आणि बुटका बोगदा

नदीतून कालव्याला लागायचं, कालव्यानं तलाव गाठायचा आणि तिथले पांढरे पक्षी बायकोला दाखवायचे, एवढाच मोहिमेचा बेत होता. मोठ्या आजारातून ती नुकती उठली होती आणि अंथरुणात पडल्या पडल्या तिनं हे एकच मागितलं होतं. म्हणून शिंपी निघाला. नाहीतर त्याला घाणीची एवढी किळस, की दुकानात कुणी शिंकलं तरी तो फरशी पुसायला घ्यायचा.

नाव मेहुण्याची. सगळे त्याला कप्तान म्हणत, कारण त्यानंच तसं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायकोला ऊन लागू नये म्हणून शिंप्यानं नावेवर छत चढवून दिलं. लोखंडी कमानी तळाला वेल्डिंग करून पक्क्या, वर जाड कापड, कडेला झालर! वाटेत रस्त्याखालचा बुटका बोगदा होता. त्याचं माप शिंपी स्वतः टेप लावून घेऊन आला होता.

नदीवरची सकाळ मजेत गेली. पण कालव्याला लागले आणि शिंप्याचा अत्तर लावलेला रुमाल नाकाला चिकटला तो चिकटलाच. काळंहिरवं पाणी, त्यावर साबणाचा फेस, फुटक्या चपला, आणि नावेला खेटून सोबत करणारा एक फुगलेला उंदीर!

"दाजी, केळं खाणार?" कप्तानानं विचारलं.

"इथं? अरे, तुला पोट आहे की पिंप?"

कप्तानानं दोन्ही केळी खाल्ली आणि सालं पाण्यात भिरकावली. शिंप्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूलाही तेच पाणी होतं.

बोगदा आला. गारवा, अंधार, कुजका वास. आणि करर्र! कमानी बोगद्याच्या छताला घासल्या. नाव अडकली!

"माझं माप चुकत नाही!" शिंपी ओरडला.

"घेतलं कधी होतंत?"

"पाणी आटलं होतं तेव्हा. नाहीतर त्या घाणीत पाय कोण घालणार?"

"झालं! गिऱ्हाईक उपाशी असताना माप घेतलंत, आता ते जेवून आलंय! आणि दाजी, कालव्याचं वरचं दार उघडलेलं दिसतंय. पाणी चढतंय."

मागून लोंढा नावेला आत रेटत होता. कप्तानानं भिंतीला पाय लावून जोर केला. नाव तसूभर हलली नाही. कमानी कडकडल्या, नाव एका अंगाला कलू लागली. बायकोला पोहता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी अंगात त्राण कुठे होतं!

"अहो," ती हळूच म्हणाली, "काहीतरी करा ना."

कमान आणि वरचा दगड यांत वीतभर जागा नको होती, दोन बोटं हवी होती. नावच खाली दबली तर?

"पाणी आत घे!"

"काय?"

"बादली घे! भर नाव!"

कप्तान बादलीनं भरू लागला. शिंप्याच्या हाताशी काय होतं? त्याचा लख्ख घासलेला जेवणाचा डबा. त्यानं रुमाल खिशात कोंबला आणि डबा कालव्यात बुडवला. एक डबा! दुसरा! बोटांना काहीतरी मऊ लागलं. तो थांबला नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. त्याची नजर मात्र कमानीवर, कपड्याच्या फिटिंगवर असते तशी.

"अजून एक बोट... अर्धं... बस! ढकल!"

झालर टर्रकन फाटली. नाव सुटली! धक्क्यानं तिघेही त्या घाणीत आडवे झाले आणि उजेडात बाहेर आले.

समोर तलाव होता. पांढरे पक्षीही होते. एका कचऱ्याच्या ढिगावर बसून ते काहीतरी ओरबाडून खात होते. शिंप्याला रडू यायचं बाकी होतं.

"आले बाई एकदाची," बायको म्हणाली. ती डोळे भरून बघतच राहिली. मान फिरवायची घाई शिंप्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच केली नाही.

नाव काठाला बांधून तिघे बसच्या थांब्यावर आले. बस थांबली. दारातल्या कंडक्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, खिशातून रुमाल काढून घट्ट नाकाला लावला आणि बेल वाजवायला हात वर केला.

शिंप्यानं दाराचा दांडा धरला.

"रुमालाची कड उसवलीय तुमच्या," तो म्हणाला. "फुकट शिवून देतो. पण हिला बसायला जागा द्या."