दुसरा ठोका

१९७० सालच्या नोव्हेंबरात एका दुपारी मी ऑक्सिजनचा सिलिंडर परत आणण्याची व्यवस्था करायला निघाले होते. मुलुंडला माझा दवाखाना. सिलिंडर दत्ताराम परबांच्या घरी होता, आणि त्यांच्या ज्या मुलीसाठी दिला होता ती सुगंधा बारा दिवसांपूर्वी गेली होती. आठ वर्षांची.

हे मी आजवर त्या घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये तिची आई, मालन, तिला घेऊन आली. शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली होती, ओठ निळसर. मी छातीला नळी लावली. हृदयाचा दुसरा ठोका दार आपटावं तसा वाजत होता. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढला की तो असा वाजतो, हे मला शिकवलेलं होतं. मोठ्या इस्पितळात पाठवायला हवं होतं. पण महिन्यापूर्वी असंच एक मूल पाठवलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी चिठ्ठीवरच माझी टर उडवली होती. मी नळी काढली. म्हणाले, हृदय उत्तम आहे, पोर शाळेला घाबरते, रोज जिने चढायला लावा.

मालन दारात थबकली. "बाई, परत एकदा ऐकाल काय?"

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तीन आठवडे ती पोर रोज तीन मजले चढत-उतरत राहिली. मग जिन्यातच कोसळली. इस्पितळात हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजला, तेव्हा निदान झालं. त्या काळी औषध जवळजवळ नव्हतंच. ऑक्सिजन, हृदयाला जोर देणारं डिजिटॅलिस आणि विश्रांती. श्रम अजिबात नकोत, असं त्यांनी बजावलं. मालन मला म्हणाली, तुम्हाला तरी कसं कळणार. मी मान हलवली.

तर त्या दुपारी मी त्यांचा जिना चढत होते. सुट्टीचा वार, आसपासचे कारखाने बंद. दुसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनच्या रबरी मास्कचा वास आला. मग हाताखाली कठडा थरथरला. एक हलका ठोका, लगेच एक जोराचा. मी माझी नाडी धरून पाहिली. जुळत नव्हती. आणि मागच्या पायऱ्यांवर धापा... मी थांबले की त्याही थांबायच्या. मागे कुणी नव्हतं.

खोलीत मालन एकटीच, उघड्या दाराकडे तोंड करून बसली होती.

"येताना ऐकलंत...?" तिने हळूच विचारलं. "ती याच वेळेला चढते. वर पोचत नाही... हे म्हणतात, तुला भास होतो. तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही सांगा."

बाहेर जिन्यात ठोका पडत होता. अगदी स्पष्ट.

"काही नाही," मी म्हणाले. "मला काही ऐकू येत नाही."

तिने मान खाली घातली.

माझ्या त्या शब्दावर दत्तारामांनी तिला वेडी ठरवून गावी, कणकवलीकडे नेलं. दीड वर्ष मी गप्प राहिले. शेवटी सगळं लिहून पाठवलं. ऐकलेला ठोका, जिने चढायचा सल्ला, दोन्ही वेळचं खोटं. उत्तर दत्तारामांच्या हातचं आलं. एकही कडू शब्द नव्हता. पत्र वाचून दाखवल्यावर मालन खूप रडली, आता ती बरी आहे, शेतावर जाते, असं लिहिलं होतं. खाली तिने सांगून लिहवलेली एक ओळ होती: "मुलीला तुमचा पत्ता दिला आहे."

माझा दवाखाना तळमजल्यावर आहे, चढायला एकही पायरी नाही. तपासणीच्या खोलीच्या दाराला काच आहे. मे महिन्याच्या उकाड्यात, दुपारी तीनला, त्या काचेवर वाफेचा लहानसा पांढरा गोल उमटला. माझ्या कमरेच्या उंचीवर. विरायचा, परत उमटायचा... भराभर. बाहेरच्या बाकावर कुणी पोर आलं असेल, म्हणून मी दार उघडून बघितलं. बाक रिकामा होता. बाहेरून काच पुसली, तरी गोल गेला नाही.

ओल आतल्या बाजूला होती.