दोन मापं मोठं जॅकेट

शिंप्याची सुई मोडली नसती, तर आमची भेट झालीच नसती.

बाबांचं मोटारसायकलचं जॅकेट माझ्या मापाचं करून घ्यायचं होतं. शिंप्याने ते उलटसुलट करून पाहिलं, बाहीला एक टाका घालायला गेला आणि मोडलेली सुई माझ्यासमोर धरली. हे कापड नाही, गेंड्याचं कातडं आहे, म्हणाला. शेजारच्या दुकानात वीस मिनिटं बसतो, त्याच्याकडे जा.

वीस मिनिटं हे माणसाचं नाव कसं असेल, हे मला शेजारी गेल्यावर कळलं. दुकान अरुंद आणि लांबट होतं. भिंतीवर हेल्मेटं, दांडीवर जॅकेटं, आणि मधोमध लाकडी चौथऱ्यावर पक्की बसवलेली एक बिनचाकांची मोटारसायकल. तिच्या हँडलला स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ बांधलेलं. दुकानातली कुठलीही वस्तू अंगावर चढवून त्या गाडीवर वीस मिनिटं बसल्याशिवाय हा माणूस ती विकत नसे. आरशासमोर उभं राहून सगळ्यांना सगळंच छान दिसतं, असं त्याचं म्हणणं. पण रस्त्यावर कोणी उभ्याने गाडी चालवत नाही. हेल्मेट कपाळाला टोचतंय की नाही, ते दहाव्या मिनिटानंतर कळतं. बाही मनगटावरून वर सरकते का, ते हात हँडलवर गेल्यावर.

त्याच्या शर्टाच्या कॉलरला दोन सुया खोचलेल्या होत्या. वय माझ्याएवढंच. बोलताना तो माझ्याकडे नाही, जॅकेटकडे बघत होता.

"कुणाचं?"

"वडिलांचं. म्हणजे... होतं."

त्याने मान हलवली. पुढे काही विचारलं नाही, हे मला बरं वाटलं. आठ महिने लोकांनी खूप विचारलं होतं.

मला त्या गाडीवर बसवून त्याने जॅकेट चढवायला लावलं. माझे कोपर दुमडले तेव्हा कोपराचं जाड पॅड माझ्या अर्ध्या हातावर येऊन लोंबत होतं. पडलात तर हे पॅड इथे राहील आणि कोपर तिथे, तो म्हणाला. हे सगळं उसवून लहान केलं तरी ते पुन्हा नीट बसेलच असं नाही. त्यापेक्षा नवीन घ्या.

मी सांगितलं, घरात एक चांगलं जॅकेट असताना दुसरं घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. बाबांच्या वाढदिवसाला त्यांची गाडी घेऊन धरणापर्यंत जायचं, आणि याच जॅकेटमधून जायचं, असं मी ठरवलं होतं. दर वर्षी आम्ही दोघं जायचो. नंतर माझं कॉलेज, नोकरी, आणि जाणं राहून गेलं. "पुढच्या वर्षी नक्की," असं मी त्यांना सलग सहा वर्षं म्हणाले. सातव्या वर्षी ते नव्हते. हे शेवटचं मात्र मी त्याला सांगितलं नाही.

"वाढदिवस कधी?"

"दोन महिन्यांनी."

"मग घाई नाही," तो म्हणाला. "आधी हेल्मेट घ्या. जॅकेटचं भांडण नंतर करू."

त्याने सर्वांत महागडं हेल्मेट खाली काढलंसुद्धा नाही. ते शर्यतीचं आहे, तुम्हाला धरणावर जायचंय, म्हणाला. मधल्या फळीवरचं एक दिलं आणि घड्याळ लावलं. मी वीस मिनिटं बिनचाकांच्या गाडीवर डोक्यात हेल्मेट घालून बसले. अशा अवस्थेत माणूस एकतर हसतो किंवा बोलतो. मी काम काय करते, त्याने विचारलं. ग्रंथालयात आहे, म्हटल्यावर पुस्तक न देता कधी कुणाला परत पाठवता का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आम्ही तुमच्यासारखं वीस मिनिटं वाचायला लावून मग पुस्तक देत नाही.

"लावून बघा," तो म्हणाला. "निम्मी पुस्तकं फळीवरच राहतील."

त्या दिवसापासून तो मला 'लायब्ररी' म्हणू लागला, आणि मी त्याला, सगळी गल्ली म्हणायची तेच.

खरं तर सगळी खरेदी एका दुपारीही उरकली असती. पण हेल्मेट एका शनिवारी झालं, हातमोजे दुसऱ्या, आणि बूट... बुटांना तर दोन शनिवार लागले. शेवटी त्याने माझे जुनेच घोट्यापर्यंतचे बूट चालतील असा निकाल दिला. मी म्हटलं, मग गेल्या शनिवारी का नाही सांगितलं? तो सुईत दोरा ओवत होता. बराच वेळ ओवत होता.

"गेल्या शनिवारी नीट बघितले नव्हते," तो म्हणाला.

बाबा वजनमापं तपासायचे. गावोगावच्या दुकानांत जाऊन तराजू, मापं, गजपट्ट्या तपासायच्या आणि चुकीच्या निघाल्या तर जप्त करायच्या. हे ऐकून तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला. जगाची मापं काढणारा माणूस स्वतःच्या जॅकेटला दोन मापं चुकला? मला राग यायला हवा होता. पण हाच प्रश्न मीही बाबांना शंभरदा विचारला होता. सैल असलं की हवा खेळती राहते, असं उत्तर मिळायचं. हिवाळ्यातही.

वाढदिवस तीन आठवड्यांवर आला तेव्हा मी त्याला निक्षून सांगितलं की जॅकेट कापा. आई म्हणाली होती की ते दारामागच्या खुंटीवर टांगलेलं बघवत नाही. घाल तरी, नाहीतर कुणाला दे तरी. मला ते देववत नव्हतं. त्याने आणखी वाद घातला नाही. खडूने दोन्ही बाजूंना रेघा मारल्या आणि बुधवारी या म्हणाला.

सोमवारीच त्याचा ग्रंथालयात फोन आला. येऊ शकाल का, एवढंच. आवाज वेगळा होता.

मी गेले. जॅकेट टेबलावर उलटं पसरलेलं होतं. अस्तर उसवलेलं. शेजारी मोठी कात्री, मिटलेली.

"तुम्ही म्हणालात तर आत्ता कापतो," तो म्हणाला. "पण आधी हे बघा."

खालच्या काठापासून वीतभर वर, कमरेच्या जरा पुढे, दोन्ही बाजूंना अस्तर विरलेलं होतं. नीट बघितलं तर चार-चार ठिपके, लहान मुठीवर उठणाऱ्या बोटांच्या चार गाठींइतके. बाकी अस्तर धड होतं.

"चालवणाऱ्याचा हात इथे आतून जाऊच शकत नाही. हे मागून घातलेले हात आहेत. लहान. बरीच वर्षं." त्याने डाव्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे एक आडवी चीर होती. "डाव्या हातात घड्याळ घालायचात का?"

घालायचे. चौथीत पहिली आले म्हणून बाबांनी घेतलेलं. त्याच्या पट्ट्याचं बक्कल एका बाजूने वाकलेलं होतं आणि सगळ्या गोष्टींत अडकायचं.

थंडीत शाळेत जाताना मी मागून त्यांच्या जॅकेटच्या आत हात घालायचे. दोन्ही मुठींत त्यांचा स्वेटर घट्ट धरून ठेवायचे. पाठीला गाल लावला की ते काही बोलले तर शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज गालात घुमायचा. हे सगळं मला आठवत होतं. ते कशामुळे शक्य होतं, एवढाच विचार मी कधी केला नव्हता.

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. ते जॅकेट घेतलं तेव्हा कसं होतं, विचारलं.

आई म्हणाली, "आधी बरोबर मापाचंच आणलं होतं. चांगलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणलं. म्हणे, हिचे हात मावत नाहीत."

फोन ठेवून मी बिनचाकांच्या गाडीवर जाऊन बसले. दुसरीकडे कुठे बसावं, सुचलं नाही. त्याने दुकानाच्या दारावरची पाटी फिरवली, दार लोटून घेतलं आणि गजराचं घड्याळ लावलं. मग टेबलाशी बसून उसवलेलं अस्तर पुन्हा शिवायला लागला, आधीच्याच भोकांतून, टाक्यावर टाका. मी रडले. घड्याळ वाजलं तेव्हा त्याने ते बंद केलं आणि पुन्हा वीस मिनिटांवर लावलं.

माझ्या मते, मी त्या दुसऱ्या वीस मिनिटांत कधीतरी त्याच्या प्रेमात पडले.

जॅकेट नवीन घ्यायचं ठरलं. त्याने जाळीच्या कापडाचं, आत थंडीसाठी वेगळं अस्तर लावता येणारं एक काढलं. एकात दोन ऋतू निघतात, तुमच्या घरच्या पद्धतीत बसेल, म्हणाला. कोपराचं पॅड कोपरावर आलं, खांद्याचं खांद्यावर. मी आखडले नाही, घामेजले नाही, वीस मिनिटं संपल्याचं मला कळलंही नाही. फक्त थोडं शिवणकाम राहिलंय, म्हणून त्याने ते ठेवून घेतलं. काय राहिलंय, ते सांगितलं नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आणायला गेले. जॅकेटला बाहेरून दोन नवे खिसे लावलेले होते. खोल, आतून मऊ कापडाचे. मी ते घालून गाडीवर बसले, हँडल धरलं, मग खिशात हात घालायला गेले, तर हात पोचेना. खिसे फार मागे होते. तोंडंही उलट्या बाजूला.

मला हसू आलं. मापात न चुकणारा माणूस शेवटी चुकला तर. मी म्हटलं, वीस मिनिटं, हे खिसे उलटे लागलेत. माझे हात जात नाहीत.

तो कात्री पुसत होता. पुसलेलीच होती.

"ते चालवणाऱ्यासाठी नाहीत," तो म्हणाला. "आत हात घालायला जागा ठेवली असती, तर जॅकेट सैल झालं असतं. ते मला करवेना. म्हणून बाहेरून..."

मी वळून बघितलं. माझ्या मागची सीट रिकामी होती.

"मागे कोण बसणार?"

"ते तुम्ही ठरवायचं." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी नुसते खिसे लावलेत. माप मात्र... माझ्या हातांचं घेतलंय. दुसऱ्या कुणाचं हाताशी नव्हतं."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. होत नव्हती. आम्ही दोघंही ते फार लक्ष देऊन ऐकत राहिलो.

"उद्या दुकान उघडं आहे?" मी विचारलं.

"आहे."

"बंद ठेव," मी म्हटलं.

बाबांचं जॅकेट आईने पुन्हा दारामागच्या खुंटीवर लावलं. आता ते तिला बघवतं. धरणाच्या भिंतीवर आम्ही दोघं त्या दिवशी तासभर बसलो, आणि मी त्याला ते सहा वर्षांचं "पुढच्या वर्षी नक्की" सांगितलं. त्याने समजूत घातली नाही. पुढच्या वर्षी जायचं का, एवढं विचारलं.

तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. मध्यंतरी जॅकेट धुवायला काढलं तेव्हा मी दोन्ही खिसे उलटे करून बघितले. मऊ कापड विरत चाललंय. चार-चार ठिपके, मुठीच्या गाठींचे. नवीन अस्तर लावून देऊ का, त्याने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे.