अर्धा आटा ढिला

त्याची गाडी नेमकी आमच्या दुकानासमोर बंद पडली, हे माझं नशीब. थोडी पुढं गेली असती तर वळणावरच्या गॅरेजवाल्याच्या पदरात पडली असती आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नसतं.

थंडी मी म्हणत होती. रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या मी नुकत्या उतरवल्या होत्या, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. घर्रर्र... घर्र... घ... मग शांतता, आणि पुन्हा घर्र.

"सेल्फ... जड," बाबा खुर्चीतून म्हणाले.

बाबा म्हणजे या दुकानाचे खरे मालक. गाड्यांच्या बॅटऱ्या, वायरी, दिवे, सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं तुटक झालं, चालणं काठीवर आलं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून राहिला. साधा चहाचा कप त्यांना पेलवेना. तेव्हापासून दुकान मी चालवते, त्यांना चहा मी पाजते आणि मावशीनं आणलेली स्थळं मीच परत पाठवते. "मी गेल्यावर यांना चहा कोण पाजणार?" असं विचारलं की मावशी गप्प बसायची. गप्प मीही बसायचे, पण माझं गप्प बसणं कुणाला ऐकू जात नसे.

एक काम मात्र बाबांनी सोडलं नव्हतं. काम झालं की गाडीचं बॉनेट तेच लावायचे. काठी टेकत टेकत जायचे, गाडीला रेलून डाव्या हातानं ते लावायचे, खूप वेळ घ्यायचे. पण "बॉनेट मी" म्हटलं की कुणाची बिशाद नव्हती मध्ये पडायची.

तर, मी बाहेर गेले. एक लहानशी, चिखलानं माखलेली गाडी. मागच्या सीटवर गवताच्या काड्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, एक दोरखंड. आणि पुढं बसलेला उंच माणूस, डोळ्यांत झोप आणि केसांत चक्क गवत.

"ताई, जरा बघता का? फोन घ्यायला थांबलो, गाडी बंद केली, आता उठतच नाही. इंजिन गेलं वाटतं."

"इंजिनाला कशाला नावं ठेवता? हेडलाइट लावा. हं, आता सेल्फ मारा."

दिवे पिवळे पडले, मग विझल्यासारखे झाले. घर्र... घ...

"बघा. सेल्फ मारल्यावर दिवे असे मान टाकतात, म्हणजे बॅटरीच्या अंगात जीव नाही. कधीपासून असं चाललंय?"

"पंधरा-वीस दिवस सकाळी कुरकुरते. मी म्हटलं, थंडी आहे, मलाही उठवत नाही."

"दुखणं अंगावर काढलंत."

"हे वाक्य माझं आहे," तो हसला. "मी गुरांचा डॉक्टर."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. सोड्याच्या गरम पाण्यानं ती धुतली, क्लॅम्प घासून पुन्हा बसवले. मीटर लावला. नुसती असताना बॅटरी बारा व्होल्ट दाखवायची, सेल्फ मारला की नऊच्याही खाली जायची. बॅटरी म्हातारी झाली होती, तिच्यावर आणखी उपचार नव्हते. नवी बसवली, गाडी चालू ठेवून चार्जिंग तपासलं. ते ठणठणीत होतं.

"तुमचे पेशंटही बोलत नाहीत," तो मीटरकडे बघत म्हणाला. "माझ्या पेशंटांसारखेच."

"माझे लाथ मारत नाहीत."

"बाबा, दहाचा पाना कुठंय?" मी वळून विचारलं. दहाचा पाना आमच्या दुकानात सारखा हरवायचा. क्लॅम्पचा नट त्यानंच आवळायचा, त्यामुळे नेमका तोच हवा असायचा.

"पान्हा?" डॉक्टरांनी कान टवकारले. "आमच्याकडे गाईनं पान्हा सोडला की जीव भांड्यात पडतो."

"आमच्याकडे पाना सोडला की तो हरवतो!"

बाबा हसले. झटक्यानंतर इतके मोकळे हसलेले मी त्यांना पाहिले नव्हते. पाना त्यांच्या शालीखाली सापडला. मी नट आवळला आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले. डॉक्टर पाठोपाठ आले.

"असे नाही, कोपरापर्यंत धुवायचे," ते म्हणाले.

"मला गाईचं बाळंतपण करायचं नाहीये."

"उद्या करायची वेळ आली तर?"

आम्ही परत आलो तेव्हा बॉनेट लागलं होतं आणि बाबा खुर्चीत होते. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. "उपकार झाले, ताई," म्हणून डॉक्टर गेले. दुकानात गवताची एक काडी राहिली होती. ती मी झाडली नाही, का कुणास ठाऊक.

आठवडा झाला नसेल, पुन्हा घर्रर्र... घर्र...

"नवी बॅटरी, जुनं दुखणं," डॉक्टर खिडकीतून म्हणाले.

माझा चेहराच उतरला. मीटर लावला, तर बॅटरी भरलेली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर ठेवलं, दुसरं त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर, आणि म्हटलं, "मारा सेल्फ." तिथंच वीज अडत होती. क्लॅम्प हातानं हलवून पाहिला तर तो चक्क फिरला. नट अर्धा आटा ढिला होता!

"मी घट्ट केला होता," मी म्हणाले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. बॅटरीचं काम ढिलं निघणं म्हणजे... कसं सांगू? वैद्यानं पट्टी भलत्याच पायाला बांधण्यासारखं.

"कच्चे रस्ते आहेत हो माझे. धक्क्यानं झाला असेल," ते म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून ते धक्क्यांवर ढकलत होते, ते कळलं. त्या दिवशी मी नट दात-ओठ खाऊन आवळला. नळावर कोपरापर्यंत हात धुतले. आणि निघताना ते म्हणाले, "येतो... अहो, येतो मी."

आज हाकेतली 'ताई' गळली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

तिसऱ्या वेळी ते आले तेव्हा गाडी रडतखडत का होईना, सुरू होत होती. पण त्या उशिरात एक वासरू त्यांची वाट न बघताच जगात आलं होतं.

"छान उभं होतं, मला बघून शेपूट उडवली," ते म्हणाले. "माझी गरजच नव्हती."

क्लॅम्प पुन्हा ढिला, अर्धाच आटा. आता मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. धक्क्यानं ढिला होणारा नट हिशेबानं अर्धाच आटा ढिला होत नाही. कुणीतरी तो करतंय. आणि गाडी तर एकाच माणसाच्या ताब्यात... कान गरम झाले. राग आला, आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी आलं. तो मला भेटायला मुद्दाम...?

मी नट आवळला आणि कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली. मावशीनं "जरा मुलीसारखी दिस" म्हणून दिलेली, लालभडक. नटावरून क्लॅम्पवर एक सरळ रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटणार. ही बाबांचीच युक्ती, फक्त ते पिवळा रंग वापरायचे.

"ही नखांना का लावत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नखं ॲसिडनं खाल्लीत. नट आहे, नटू दे बिचाऱ्याला."

ते इतके हसले की बाबाही हसले. मग नळावर आम्ही जरा जास्तच वेळ हात धुतले. पाणी बर्फासारखं होतं तरी दोघांपैकी कुणी नळ बंद करीना.

चौथ्यांदा गाडी घुरघुरली तेव्हा मी काही न बोलता बॉनेट उघडलं. रेघ तुटली होती. नटावरचं लाल एकीकडे, क्लॅम्पवरचं दुसरीकडे.

"उतरा खाली," मी म्हणाले. "हे बघा. धक्का-बिक्का काही नाही. हा नट तुम्ही ढिला करता."

"मी?"

"मग कोण? अहो, इथं यायचं तर सरळ यायचं होतं! माझ्या कामाचं नाव का खराब करायचं?"

त्यांनी वाकून तुटलेली रेघ पाहिली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं... तुम्ही करता."

"काय?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ढिला ठेवता. मी परत यावं म्हणून. म्हणून मी... काही बोललो नाही. उलट गाडी घुरघुरली की बरं वाटायचं."

"माझ्या डोक्याचे आटे ढिले नाहीत झालेले, स्वतःचं काम स्वतः बिघडवायला!" मी म्हणाले. पण आवाज माझा राहिला नव्हता. दोघंही एकमेकांवर आळ घेत होतो आणि दोघांनाही तो आळ हवाच होता.

"मग आता नट पक्का करा," ते म्हणाले. "गाडी ठणठणीत असली तरी मी येईन. रोज. चालेल? म्हणजे... मी लग्नाचं विचारतोय. गाईंशी बोलून बोलून सरळ बोलायची सवय लागलीये."

मला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं, ते तुटलेल्या रेघेलाच माहीत.

"नाही जमणार," मी म्हणाले. "बाबांना साधा कप पेलवत नाही. त्यांचा हात म्हणजे मी आहे. मी हात काढून नेला तर त्यांनी काय करायचं?"

तेवढ्यात आमच्या मागं काहीतरी टणकन वाजलं.

बाबा उभे होते, शाल खांद्यावरून घसरलेली. काठी जमिनीवर वाजवून त्यांनी आमचं लक्ष वेधलं होतं. आणि दुसरा हात त्यांनी पुढं केला. त्यात दहाचा पाना होता.

"मी," बाबा म्हणाले.

"बाबा! तुम्ही? तुम्ही नट ढिला करत होता?" माझा संताप संताप झाला. "बॉनेट लावायच्या निमित्तानं? आम्ही नळावर असताना? दुकानाचं नाव जाईल, लोक काय म्हणतील, याचा काही..."

मी मध्येच थांबले.

काठी डाव्या हातात होती. कशाला रेललेले नसताना ती सुटली की बाबा उभे राहू शकत नाहीत. मग पाना...

पाना उजव्या हातात होता. बोटं थरथरत होती, पण मिटलेली होती. घट्ट मिटलेली. आणि हाच हात मी दात-ओठ खाऊन आवळलेला नट दर वेळी फिरवत होता.

"बाबा... तुमचा हात."

"हं."

"कधीपासून? मला सांगितलं का नाही? मी अजून तुम्हाला कप..."

बाबांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "कप... गरम. सांडला असता. पाना... ओळखीचा." मग डॉक्टरांकडे पाहून म्हणाले, "हा... परत यायला हवा होता. तू... बोलवत नव्हतीस."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडले. दुकानाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ग्रीसच्या हातांनी डोळे पुसत रडले. देवाचे, औषधांचे, त्या गुरांच्या डॉक्टरचे, जुन्या बॅटरीचे, सगळ्यांचे आभार एकदमच मनात दाटून आले. डॉक्टर जरा लांब उभे राहून स्वतःचेही डोळे पुसत होते.

"आता... घट्ट," बाबा म्हणाले.

त्यांनी स्वतः नट आवळला. खूप वेळ लागला. आम्ही कुणी मदत केली नाही. मग मी नेलपॉलिशची नवी रेघ ओढली, डॉक्टरांनी सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यांनी ती लगेच बंद केली.

"का हो?" मी विचारलं.

"कुठं जायचं राहिलंय?" ते म्हणाले. मग एकदम हसले. "हे 'का हो' छान वाटलं. पुन्हा म्हणा."

"चहा घेणार का... अहो?"

मी तीन कप ओतले. बाबांचा कप उचलून त्यांच्या ओठांशी नेणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. मी कप समोर ठेवला. त्यांचा उजवा हात हळूहळू पुढं आला, कपाच्या कानाशी अडखळला, मग कप उचलला गेला. अर्धा चहा बशीत सांडला.

बाबांनी तो बशीतून प्यायला, आणि आम्ही दोघांनीही कप बाजूला ठेवून आमचा चहा बशीत ओतला.