कोरं पाणी

बर्नादेत टीचर म्हापशाहून, लेकीकडून परतल्या, तेव्हा ‘इलंस गो?’ म्हणायलाही दाराशी कुणी नव्हतं. देवबागच्या वाटेवरचं घर, मागे नवऱ्याची, आग्नेलची, थंड पडलेली भट्टी, आणि स्वयंपाकघरात चिनीमातीची बरणी. बरणीत आग्नेलचं खमीर होतं. माडाच्या सुरेपासून धरलेल्या त्या खमिरावर त्यानं उभा जन्म पाव भाजले, आणि यंदाच्या पावसाळ्यात तो गेला. घरात टीचरांखेरीज जिवंत म्हणून आता तेवढंच होतं. नाताळला त्याच्या नावाचा एक तरी पाव याच खमिराचा भाजायचा, हा त्यांचा हट्ट होता.

बाईंनी शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलेलं. निघताना त्यांनी खमीर धुऊन निव्वळ विहिरीच्या पाण्यात ठेवलं होतं. अन्न नसलं की खमिरातल्या यीस्टच्या पेशी दारं लावून गुपचूप बसतात, आठवडेच्या आठवडे तगतात. शेजारच्या किशोरीकडे किल्ली देऊन त्यांनी बजावलं होतं, नुसतं पाणी बदल, दुसरं काही नको.

त्यांनी झाकण काढलं. आंबूस वास येईना. बोट बुडवून जिभेला लावलं, तर गोड!

पीठ नाही, काही नाही, नुसती साखर म्हणजे त्या पेशींचा काळच. त्यांना वाटतं सुगी आली. भराभर साखर जाळायला घेतात आणि त्या धांदलीत आतल्या आत स्वतःलाच जाळून घेतात. उपाशी ठेवल्या असत्या तर जगल्या असत्या. टीचरांनी कपाटातला सूक्ष्मदर्शक काढला, थेंबात निळा रंग सोडला. जिवंत पेशी रंग धरत नाही, मेलेली धरते. काचेखाली सगळं निळंशार होतं. बोटांना लागलेला रंग साबणानं पुरता घासून काढताना त्यांना रडू आवरेना.

“टीचर, माजी शपथ,” किशोरी कळवळून म्हणाली. “साखरेच्या डब्याक हात सुदीक लावक नाय मी.”

ती खोटं बोलणारी नव्हे. डबा मात्र अर्धा झाला होता. ओट्यावर चमचा ओला होता.

आग्नेलची एक खोड होती. दारी कुणीही येवो, पोस्टमन असो नाहीतर माडावर चढणारा गडी, तो नुसतं पाणी देत नसे. गूळ नसला तर पाण्यात साखर ढवळायचा आणि चमचा पेल्याच्या काठावर वाजवायचा. खमिरालाही तो चोरून साखर घालायला जाई. “कोरां पाणी कसां देवचां गो?” म्हणे. टीचर ओरडत, “अरे, निसती साखर मारता तेका!”

मग आठवलं, फ्रीजमध्ये त्याच बरणीतलं चिमूटभर खमीर राखलेलं होतं. ते त्यांनी धुऊन नव्या पाण्यात घातलं. साखरेचा डबा किशोरीला देऊन टाकला, किल्ली परत घेतली. मग रिकाम्या स्वयंपाकघराला दटावलं, “आग्नेल, तेका हात लावू नको हां!” आणि स्वतःच्याच आवाजाला दचकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पडवीत होत्या. आत चमचा वाजला.

त्या धावल्या. बरणीचं झाकण जागच्या जागी. थेंब काचेवर घेऊन, रंग सोडून पाहिला. पेशी स्वच्छ, बिनरंगी. जिवंत!

त्यानं ऐकलं होतं.

बरणीशेजारी पेला होता. पाणी अजून गरगरत होतं, तळाशी साखर बसत होती.

घरात साखर नव्हती.

त्यांना भीती वाटायला हवी होती. पण पावसाळ्यापासून कुणी त्यांना ‘पाणी घे’ म्हटलं नव्हतं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायल्या.

पुढच्या दुपारीही पेला होता. मग रोजच.

नाताळच्या आदल्या सकाळी किशोरी माशाचं कालवण घेऊन आली. पाव टम्म फुगून भाजला होता, घरभर वास होता.

“जेवलात, टीचर?”

“भूकच नाय गो हल्ली. गोड पाण्यारच भागता.”

किशोरीनं वाटी द्यायला हात पुढे केला आणि तशीच थांबली.

“बोटां निळी कशान झाली तुमची?”

“रंग सांडलो गो,” टीचर म्हणाल्या.

पहिला पेला दिसला त्या दुपारनंतर रंगाची बाटली त्यांनी उघडलीच नव्हती.